गुरुवारची आरती आणि रखमाकाकूंचं मत

लालबागच्या त्या चाळीत कुठला सिनेमा बघायचा हे गुरुवारी ठरतं. तळमजल्यावरच्या दत्तमंदिरात बायकांचं भजन होतं, आरती होते, प्रसादाचा पेढा हातावर पडतो आणि मग कोणीतरी हमखास विचारतं, "काय काकू, या आठवड्यात काय बघितलंत?"

रखमाकाकू घाडीगावकर पदर सावरून मंदिराच्या पायरीवर बसतात. सत्तरी ओलांडलेली बाई. लग्न होऊन कणकवलीकडून इथे आल्या, त्या वर्षी गणपतीत रस्त्यावर पडदा बांधला होता. पुढे जागाच नव्हती, म्हणून नव्या सुनेला पडद्याच्या मागे बसवलं. सगळा सिनेमा उलटा. "कितीतरी दिवस मला वाटायचं, सिनेमातले हिरो डावखुरेच असतात," असं त्या अजून सांगतात. पुढे नवऱ्याची गिरणी बंद पडली, काकूंनी पोळीभाजीचे डबे करून घर ओढलं, पण सिनेमाची आवड काही सोडली नाही. आता दुपारी टीव्हीवर जुने, थेटरात नवे.

मत एकदम रोखठोक. "जुन्या सिनेमात आई खोकली की समजायचं, मध्यंतरापर्यंत काही टिकत नाही." "आणि परवाचा तो मारामारीचा! अंगावर एवढ्या गोळ्या झेलल्या मेल्याने, शर्टाची इस्त्री जशीच्या तशी!" बायका हसून लोळतात, पण ऐकतात. कारण काकूंचा नेम आहे, दत्तगुरूंच्या पायरीवर बसून खोटं बोलायचं नाही. भजनी मंडळाच्या अध्यक्षांचा भाचा ज्यात होता त्या सिनेमाबद्दलसुद्धा त्या म्हणाल्या होत्या, "झोप छान लागली."

त्या गुरुवारी मात्र हातातला पेढा काकूंच्या तोंडाजवळ जाईना. प्रश्न नातीचा होता. आकांक्षाने पहिल्यांदाच एका मोठ्या सिनेमाचं एडिटिंग केलं होतं. "माझी नात सिनेमा कापते आणि शिवते," असं काकू भाजीवाल्यापासून भटजीबुवांपर्यंत सगळ्यांना सांगून आल्या होत्या. वडाळ्याच्या मिठागरावरची गोष्ट. लोअर परळच्या थेटरात दिवसाला एकच खेळ होता आणि गर्दी झाली नाही तर तोही उतरणार होता. शनिवारी अख्खं भजनी मंडळ जायला तयार होतं, काकूंनी हो म्हटलं की झालं. काकू बुधवारी सिनेमा बघून आल्या होत्या आणि घरी कोणाला काही बोलल्या नव्हत्या. आणि आज पोरगी स्वतः भजनाला येऊन मागे भिंतीला टेकून बसली होती.

"काकू, बोला की," शेजारची प्राची म्हणाली. "आज घरचंच कार्य आहे. पास करून टाका!"

काकूंनी देवाकडे बघितलं. पोरगी रडली तर काय करायचं, हे त्यांना कळत नव्हतं. पण पायरी ती पायरी.

"कामं चांगली केलीत सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "पहिला भाग कसा सुरसुर जातो. पण बाप वारल्यावर ती मुलगी मिठागरावर येऊन नुसती उभी राहते ना, ते फार लांबलंय. बाई उभी, मीठ पांढरं, आणि मी आपली जांभया देतेय. कापायला हवं होतं."

कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

आकांक्षा उठून पुढे आली. "आजी, ते कापायला सगळेच सांगत होते. दिग्दर्शकसुद्धा. मी भांडून ठेवलंय."

"कशाला भांडलीस गो?"

"बाप गेल्यावर माणूस काय भाषण करतं? आजोबा गेले तेव्हा तू काय केलंस? दुपारभर तांदूळ निवडत बसली होतीस. निवडलेलेच परत निवडत होतीस."

मंदिरात टाळ ठेवल्याचा आवाजही मोठा वाटला. काकूंनी पेढा या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाल्या, "बसले होते. पण मला कोणी तिकीट काढून बघत नव्हतं."

हशा फुटला. भजनातल्या कालिंदीताईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं हसून. आकांक्षाही हसली, पण जागची हलली नाही.

"मी बघत होते," ती म्हणाली. "दारात बसून. तू ताटातून मान वर करशील म्हणून थांबले होते. तो सीन तेवढाच आहे, आजी. त्यातलं एक पळही मी कमी होऊ दिलं नसतं."

काकूंनी नातीकडे नीट बघितलं. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही, आवाजात कंप नाही. एवढ्या बायकांसमोर, साक्षात आजीसमोर, आपल्या कामासाठी उभी. हिला रडू येईल म्हणून आपण काल रात्रीपासून जीव टांगून बसलो होतो!

"लांबलाय," काकू पुन्हा म्हणाल्या. "माझं मत बदलत नाही. शनिवारी चला सगळ्या, बघा आणि तुमचं तुम्ही ठरवा. मी पण येते परत." मग वळून त्यांनी हातातला पेढा आकांक्षाच्या तोंडात घातला. "भांडते बघा कशी. माझीच आहे."

शनिवारी मंडळाने दोन रांगा भरल्या. मिठागरावरचा तो प्रसंग आला. ती मुलगी येऊन उभी राहिली. पांढरं मीठ, वारा, बाकी काही नाही. मागच्या रांगेतला एक गृहस्थ मोबाईल काढून पुटपुटला, "अरे, चल ना पुढे!"

रखमाकाकू गर्रकन मागे वळल्या.

"बंद करा तो मोबाईल," त्या म्हणाल्या. "बाप गेलाय तिचा. उभी राहू दे की जरा."