गणपतीच्या सुट्टीचा गृहपाठ

तमाम रत्नागिरीकरांना अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की, यंदा आमच्या शाळेने एका मुलीचा गणपती जवळजवळ पळवला होता. कटात सगळा स्टाफ सामील होता. मीही.

मी शाळेत सुपरवायझर आहे. म्हणजे मुख्याध्यापकांपुढे जे बोलायची पालकांना भीती वाटते, ते सगळं ते ज्याला बोलतात तो माणूस. शिवाय दहावीला विज्ञान शिकवतो. सुट्टीआधीच्या शुक्रवारी तन्वीची आई माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. तन्वी दहावीत. गाव संगमेश्वरकडे, पण शाळेसाठी मायलेकी इथे खोली घेऊन राहतात.

"सर, पोरगी गावाला येत नाय म्हणते."

"का हो?"

"अभ्यास दिलाय म्हणते तुमी. हितंच बसून पुरा करणार. तिचे बापूस मुंबईतनं येतात ते शिमग्याला नि गणपतीला. बाकी वर्षभर पोरीला फोनवर बघतात. आता घरी येऊन काय बघायचं त्यांनी, मखर?"

तन्वीला बोलावलं. ती खाली बघून म्हणाली, "सर, गावी गेले तर पुरा होणार नाही. आणि पुरा नाही झाला तर वर्गात उभं करतात."

मी स्टाफरूममध्ये चौकशी केली. जो तो म्हणे, "मी थोडासाच दिलाय." जोगळेकर बाईंचे गणिताचे सराव संच, थोडेसेच. सावंत सरांचे मराठीचे निबंध, थोडेसेच. माझ्या आकृत्या, त्याही बेताच्याच. मुख्याध्यापक स्वतः इतिहास शिकवतात. त्यांनी झालेल्या सगळ्या धड्यांचे स्वाध्याय दिलेले. कोणी कोणाला विचारलंच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, मुलांना जगात आपला एकच विषय आहे.

मी केबिनमध्ये गेलो. मुख्याध्यापक म्हणाले, "गृहपाठ कमी होणार नाही. शंभर टक्के निकालाचा बोर्ड गेटवर उगाच लागत नाही."

साहेबांशी वाद घालू नये. मी गावच्या नाटकात कामं केली आहेत, त्यामुळे मान फार सुंदर लववतो.

"अगदी बरोबर, सर. उलट मी म्हणतो, हा गृहपाठ आधी आपण शिक्षकांनीच करावा. शनिवार-रविवार बसू. सोमवारी नमुना उत्तरं म्हणून वर्गात लावू. मुलांपुढे आदर्श!"

आदर्श हा शब्द सरांना उकडीच्या मोदकासारखा आहे. समोर आला की सोडवत नाही.

"उत्तम! सगळ्यांनी सगळे विषय करायचे. मीसुद्धा!"

सोमवारी मी टेबलाशी उभा राहून गृहपाठ गोळा करायला लागलो. सावंत सरांनी स्वतःच दिलेला निबंध अर्धा लिहिला होता. पुढे माळ्यावरची समई शोधायला बायकोने बोलावलं. मी दीड आकृती काढून विजेच्या माळा दुरुस्त करत बसलो होतो. ज्यांच्या आवाजाने मागचा बाक सरळ बसतो, त्या जोगळेकर बाई खिडकीबाहेर बघत पुटपुटल्या, "केलंय हो. वही घरी राहिली."

दुपारी वर्गात नोटीस फिरली: सुट्टीत गृहपाठ नाही. तन्वी संध्याकाळच्या एसटीने आईबरोबर गावी गेली. वडील फाट्यावर येऊन उभे होते, असं तिने परत आल्यावर सांगितलं. मी यातून एवढंच शिकलो की दुसऱ्याला पाजायचा काढा आधी स्वतः चमचाभर घ्यावा.

पण नोटीस माझ्या वक्तृत्वामुळे निघाली, असा गैरसमज नको. त्या सोमवारी सकाळी मुख्याध्यापक सगळ्यांत शेवटी आले. बोटांना मखराचा सोनेरी रंग, केसांत थर्माकोल, हात रिकामे. मी अदबीने तळहात पुढे केला. "सर, तुमचा गृहपाठ?"

सर भडकले आणि भर स्टाफरूममध्ये ओरडले,

"अहो, गणपती तोंडावर आलेत, आणि तुम्ही अभ्यास कसला मागताय!"