पडद्यावरची मॅडम

शिकवायला लागून बरीच वर्षं झाल्यावर मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. देपालपूरच्या पुढे एका गावातल्या सरकारी मिडल स्कूलमध्ये मी गणित शिकवायची. घर इंदूरला, बड़ा गणपतीजवळ. नोकरीतल्या शिक्षकांसाठी शिक्षण-तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर कोर्स आहे, वर्ग रविवारी आणि सुट्ट्यांमध्ये, असं कळलं आणि मी प्रवेश घेतला. पगारात काही फरक पडणार नव्हता. माझ्या वर्गातली मुलं सोयाबीनच्या कापणीला आईबापांबरोबर शेतात जायची आणि परत यायची तेव्हा मागे पडलेली असायची. घरातल्या मोबाइलवर त्यांना धडा देता आला तर बरं होईल, एवढंच डोक्यात होतं.

आम्हाला शिकवणारे सर तरुण आणि हुशार होते. शाळेत कधी शिकवलेलं नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी हसत सांगितलं. त्यांच्या स्लाइड इंग्रजीत असत आणि प्रत्येक स्लाइडवर मधोमध एक गोरं मूल टॅबलेटकडे बघून खूश झालेलं असे. माझ्या शेजारी महूच्या एक ताई बसायच्या. आजोबा फौजेत, वडील फौजेत, त्या स्वतः प्राथमिक शाळेत. आवाज असा की माइक लागू नये. पहिल्या दिवशीच त्या मला म्हणाल्या, "हे पोर आपल्याला काय शिकवणार, बघू या. पण कॉम्प्युटर शिकून घे, वो काम की चीज़ है."

मी शिकले. रेकॉर्डिंग, एडिटिंग, सगळं. शेवटच्या प्रोजेक्टसाठी प्रत्येकाने एक डिजिटल धडा करून स्वतःच्या वर्गात वापरायचा होता. मी अपूर्णांक घेतले. घरी बाफले केले, आमच्याकडचे बट्टीसारखे कणकेचे गोळे, आणि कॅमेऱ्यासमोर ते कापत गेले: आधी अर्धा, मग पाव. बोलले वर्गात बोलते तसंच, हिंदी आणि मधूनमधून माळवी. प्रत्येक तुकड्यानंतर विचारायचे, "अब बताओ, कितना बचा?" आणि गप्प बसायचे, उत्तर बऱ्याच वेळाने द्यायचे. पडद्यावर मी नुसती मुलांकडे बघत असायची. तेवढ्यात मुलांनी बोलायचं. चुकायचं, भांडायचं, गरज वाटली तर मी व्हिडिओ थांबवायचा.

वर्गात तो धडा दाखवला तेव्हा एवढा कल्ला झाला की हेडमास्तर उठून आले. एक मुलगी उभी राहून म्हणाली, "मैडम, बाफला टेढ़ा कटा है, ये आधा नहीं है." खरंच वाकडा कापला गेला होता. त्या एका वाक्यावर आमचा सगळा तास गेला. असा तास मला त्याआधी मिळाला नव्हता.

सरांनी व्हिडिओ पाहिला आणि चेहरा पाडला. "मॅडमजी, मध्ये मध्ये हे काय? तुम्ही कुछ बोलतच नाही. डेड टाइम आहे हा. काढून टाका."

"सर, ती मुलांची बोलायची वेळ आहे."

"मुलांचा अटेंशन स्पॅन किती असतो, वाचलंय ना आपण?"

मी काढली नाही. मार्क कमी मिळाले. ताई चहा पिताना म्हणाल्या, "मिळू देत. तुझा तास झाला ना?"

पदवी मिळाली. हेडमास्तरांनी शाळेच्या बैठकीत टाळ्या वाजवायला लावल्या आणि कौतुकाने शिक्षण खात्याच्या वरच्या ऑफिसला कळवलं. तिथून फोन आला की अशा क्वालिफाइड मॅडमची आम्हाला फार गरज आहे. थोड्याच दिवसांत मला ऑफिसला अटॅच केलं, म्हणजे शाळा सोडून रोज तिथेच बसायचं. तात्पुरतं, असं सांगितलं. काम काय, तर सगळ्या शाळांनी ऑनलाइन हजेरी भरली की नाही ते बघायचं आणि न भरणाऱ्यांना फोन करायचे. नवरा म्हणाला, "अगं, कूलरसमोर बसायचं, गळा सुकत नाही, अजून क्या चाहिए?" त्याचं चुकत होतं असं नाही. त्याला ते खरंच सुख वाटत होतं.

माझ्या जागी कुणी आलं नाही. शाळेत मोठा टीव्ही बसवला. माझा अपूर्णांकांचा धडा ऑफिसने आवडीने घेतला, आणखी धडे करून मागितले, मीही केले. ते टीव्हीवर लावायचे आणि शेजारच्या वर्गातल्या सरांनी अधूनमधून डोकावायचं, अशी सोय झाली.

पुढे टीव्ही वापरतात की नाही ते तपासायला मला माझ्याच शाळेत पाठवलं. मी मागच्या दाराशी उभी राहिले. पडद्यावर मी बाफला कापत होते. "अब बताओ, कितना बचा?" असं मी विचारलं आणि लगेच मीच उत्तर दिलं. मधली गप्प वेळ कुणीतरी कापून टाकली होती. मुलं माझ्याबरोबर एका सुरात उत्तर म्हणत होती, आरती म्हणावी तशी.

मी टीव्ही बंद केला. मुलं खूश झाली, मैडम आ गई म्हणत पाया पडायला आली. मी फळ्यावर दुसरा अपूर्णांक काढला, अगदी सोपा, आणि विचारलं. कुणी बोलेना. मग पुढच्या बाकावरचा मुलगा हळूच म्हणाला, "मैडम, ये वाला टीवी में नहीं है."

मी तास घ्यायला लागले तर शेजारचे सर येऊन म्हणाले, "मॅडम, आपको तो सिर्फ़ चेक करना था ना?" ते रागावले नव्हते, आठवण करून देत होते. ऑफिसात परत येऊन मी टीव्ही नियमित चालू असल्याचं कळवलं. चालू होताच.

दुसऱ्या दिवशी साहेबांना भेटले आणि म्हटलं, मला शाळेत परत पाठवा. ते आश्चर्याने बघत राहिले. "मॅडम, एवढी डिग्री घेऊन आप वापस चॉक पकड़ेंगी? शाळेत शिकवायला कोणीही मिळतं." मिळालेलं कुणी नव्हतं. मी ते म्हटलं, तर म्हणाले, "टीव्ही आहे ना."

संध्याकाळी महूच्या ताईंना फोन केला. सगळं ऐकून त्या जोरात हसल्या.

"ताई, तुम्हाला कसं नाही नेलं? डिग्री तर आपली एकच."

"मी सांगितलीच नाही कुणाला," त्या म्हणाल्या. "पेटीत कपड्यांखाली ठेवलीय. घरात दोघांना माहीत. एवढं शिकून लपवून बसावं लागतं बघ, चोरी केल्यासारखं." आवाजात चीड होती, माझ्यावरची नव्हे. मग त्यांनी विचारलं, "परत अर्ज करशील?"

केला. नंतर पुन्हा एकदा केला. साहेब बदलले, नव्यांनीही तेच सांगितलं, जरा गोड शब्दांत. अजून मी तिथेच आहे. कोर्सच्या नव्या बॅचसाठी शिक्षकांची नावं सुचवायचं कामही आता माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात एक तरुण शिक्षिका विचारायला आली. मुलांना चांगलं शिकवायचंय मॅडम, म्हणाली, कोर्स करू का? तिचा चेहरा इतका उत्साहाने भरलेला होता की मला तिचा राग आला. कर म्हणाले. आणि ती दारापर्यंत गेल्यावर परत बोलावून तिला ताईंचा फोन नंबर दिला, डिग्री मिळाली की कुणाला सांगण्याआधी यांना फोन कर म्हणून.