कमलमावशींना न म्हटलेलं मेर्सी

तेरच्या कमलमावशींनी मला परक्या मुलखात आभार मानायला शिकवलं. हे आधी सांगते. पाच आठवड्यांपूर्वी मावशी गेल्या. तेरला, आपल्या घरी. मी फ्रान्समध्ये, लियॉनला, भटारखान्यात उभी होते. त्यांच्या भाच्यानं फोनवर सांगितलं, मी "बरं" म्हणाले आणि पुढची कोथिंबीर निवडायला घेतली.

मी तामलवाडीची. आठवीतच शाळा सुटली. पुढं पोटासाठी लियॉनला आले, इथल्या देशी हॉटेलात भाजी चिरायला लागले, तेव्हा मावशी तिथं आचारी होत्या. आम्ही एकाच म्हाताऱ्या मादामकडं भाड्यानं राहायचो. एकदा मी तापानं पडले, तर मादाम सूपचं पातेलं घेऊन आली. मी मान खाली घालून घेतलं. आपल्याकडं शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून बरी झाल्यावर त्यात शेंगदाण्याची चटणी भरून तिच्या दारात ठेवून आले. बोलले काहीच नाही. आपल्यात कोण बोलतं? मादामनं मात्र मावशींना गाठून सांगितलं, पोरगी उद्धट आहे, महिनाअखेर खोली सोडू दे. मी घाबरून रडायलाच लागले. जाणार कुठं?

"चटणी लई झ्याक केलीस गं," मावशी म्हणाल्या, "पर तिला काय कळावं? हितं तोंडानं सांगावं लागतं."

मग कांदे चिरता चिरता शिकवणी. आधी नमस्काराचं 'बोंझूर मादाम', मग आभाराचं 'झ वू रमेर्सी'. "नुसतं मेर्सी म्हणून पळू नगं. कशापायी, ते सांग. अन् तिच्याकडं बघ, फरशीकडं न्हाय." मावशी स्वतःच मादाम व्हायच्या, झारा हातात धरून नाक उडवायच्या, "कोन ही? म्या न्हाय वळखत!" हसून माझी भीती थोडी उतरायची.

मग एके दिवशी मादामचं दार वाजवलं. म्हटलं, "बोंझूर मादाम. झ वू रमेर्सी पुर ला सूप." तिनं विचारलं, चटणीतलं ते तिखट कशाचं होतं? खोली राहिली.

त्या दिवशी मी मावशींनाही मेर्सी म्हणायला गेले. त्यांनी हातावर चापट मारली. "मला म्हनतीस? म्या परकी हाय व्हय?" पुन्हा कधी म्हटलं नाही. गेल्या वर्षी म्हाताऱ्या आईसाठी त्या तेरला परतल्या. दर रविवारी फोन व्हायचा, तरी नाहीच.

परवा धीर करून त्यांच्या आईला फोन लावला. मनात आभाराचं वाक्य जुळवून ठेवलं होतं. आजी म्हणाल्या, "तू ती भेदरट पोरगी न्हवं? कमल लई सांगायची. आता माझ्याशी बोलाया कुनी न्हाय बग." मी ते वाक्य बाजूला ठेवलं आणि आज काय जेवलात ते विचारलं.

सुट्टी मिळाली की धाराशिवच्या स्टँडवर तामलवाडीची गाडी आधी लागली तरी मी तेरच्या गाडीत बसेन. घरचे रागावतील, रागवू देत. महिनाभर आजींपाशी राहीन, त्यांच्यासाठी भाकरी थापीन, रोज बोलत बसेन. मावशी, तुमचं एवढं तरी फेडीनच.