नृसिंह असता तर

केर्लीच्या पुढं चढ लागला तशी ताजबीनं डोक्यावरची बांगड्यांची पाटी उतरवली. आमच्या गल्लीतल्या बायकांना तीच बांगड्या भरायची. सदुसष्ट साल असेल. मी जोतिबाच्या दर्शनाला निघाले होते, ती डोंगरावर धंद्याला. कोल्हापुरापासून सोबतच चालत होतो आणि वाटभर ती मलिकाबद्दल बोलत होती. मलिका तिची एकुलती मुलगी, लहानपणीच तापानं गेलेली.

"मलिका असती तर आज मास्तरीण झाली असती."

"मघाशी तर म्हणालीस, पाटी घेऊन तुझ्यामागं फिरली असती."

"मास्तरीण हूं दे न्हायतर बांगडीवाली. मलिका ती मलिकाच की. दुसऱ्याची पोर कशाला हुईल?"

आदल्या वर्षी माझा पहिला मुलगा बारशाआधीच गेला होता. नावच ठेवलं नव्हतं, त्यामुळं घरात त्याचा विषयही निघत नसे. 'असता तर' म्हणायला जावं, तर कोण असता? डोळ्यांपुढं नुसतं दुपटं यायचं. हे मी तिला सांगितलं.

"काय नाव ठेवणार हुता?"

"नृसिंह. पण बारसं झालं नाही ना."

"मग आज करू की. मी आत्या."

"आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, ताजबी."

"त्याचा कान न्हाय, तुमचा हाय." माझ्या कानाशी तोंड आणून तिनं कुर्र केलं आणि नाव सांगितलं. मग पाठ पुढं करून म्हणाली, "घाला बुक्की. आत्याला तशीच सोडत्यात व्हय?"

मी घातली. वर्षभरात पहिल्यांदा हसले, आणि तिथंच बसून रडलेही. वर देवळात नृसिंहाच्या नावानं गुलाल-खोबरं उधळलं.

पुढं बांगड्या भरता भरता ती सांगायची, "नृसिंह औंदा शाळंत गेला असता." कधी ती त्याला तालमीत धाडायची, कधी बिद्रीच्या साखर कारखान्यात चिकटवायची. कुठंही असो, मुलगा माझाच. पुढं मला दोन मुली झाल्या, देवाची कृपा. त्यांना आपला भाऊ ठाऊक आहे, तो ताजबीमुळं.

म्हातारपणी तिची नजर गेली. भेटायला गेले तर माझं मनगट चाचपून म्हणाली, "कुणाकडनं भरल्या? ढिल्या हाईत." मग हात तसाच धरून ठेवला.

"वैनी, माज्यामागं कोण न्हाय. तुमी म्हणत ऱ्हावा, मलिका असती तर. काय झाली असती ते तुमच्या मनानं घाला. नाव तेवढं तिचं असू द्या."