चित्र उलटं करून बघितलं त्याची गोष्ट

बायांनो, आज माझी फजिती झाली, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रविवारी नातीचं बारसं. तिच्या दुपट्यावर मी दोऱ्याने बांगडे भरतेय, मासे गो. हसू नका, आम्ही जयगडची, समुद्राकाठची माणसं! पण हात थरथरतो, कापडाच्या मागे दोऱ्याच्या गाठी येतात. तान्ह्या अंगाला टोचतील म्हणून आठ दिवस भरतेय नि उसवतेय. गाठी झाकायला अस्तर लावलं तर आमची आई त्याला चोरी म्हणायची. ती भरतकाम मागूनच बघायची.

आज लेक सुमन मला चित्रांच्या प्रदर्शनात घेऊन गेली. तिथे एक समुद्राचं चित्र फार आवडलं. मी सवयीने उचललं नि उलटं केलं!

"अगो आई, ठेव ते!" सुमन ओरडली.

चित्र काढणारी पोरगी धावत आली. चित्राच्या मागे नुसते डाग नि खोडलेल्या रेघा. मी म्हटलं, "बाय, हे काय गो?"

"आजी, ती बाजू भिंतीला असते," ती हसत म्हणाली. "कोण बघतंय?"

घरी आले ती माझं जुनं मऊ लुगडं फाडलं नि दुपट्याला अस्तर लावून टाकलं. आता गालाला घासून बघितलं, काही टोचत नाही.

खरं सांगा, ही लबाडी झाली काय गो?