थोरलीच्या तोंडाचा वास

माझ्या थोरल्या बहिणीला तिच्या नवऱ्याने कडेगावहून माहेरी आणून सोडलं, ते तिच्या तोंडाला वास येतो म्हणून. तो मिलिटरीत होता, सुट्टीवर आला होता. ओसरीवर बसून वडिलांना म्हणाला, "आवं, जवळ बसवत न्हाई. तुमीच काय ते बघा." वडिलांनी मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेचा मला आजही संताप येतो.

लग्नाआधी तिच्या तोंडाला कसलाच वास नव्हता. सासूने पहिल्याच महिन्यात तिला मिश्री लावायला शिकवली. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड दिवसातून चार वेळा हिरड्यांवर घासायची, म्हणजे भूक मरते आणि उसातलं काम उरकतं.

मी तिला सांगलीला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. हिरड्यांत पू झाला होता, दातांवर कीटण चढलं होतं. डॉक्टरांनी तिला दोनदा बसवून ते खरवडून काढलं. मिश्री बंद करा, झोपतानाही दात घासा, जीभ साफ करा, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करा, एवढंच त्यांनी सांगितलं. दोन महिन्यांत वास गेला. एवढ्यासाठी तिला टाकून दिली होती!

वास गेल्याचं कानावर गेल्यावर पुढच्या सुट्टीत तो तिला न्यायला आला. त्याच्या गालात तंबाखूचा बार होताच. बहीण म्हणाली, "आधी तुमी चूळ भरून या, मग बोलू."

त्याने मुकाट चूळ भरली आणि ती गेलीही त्याच्याबरोबर. मी मात्र त्याच्याशी पुढे कधी धड बोलले नाही.