त्याच्या मागे कोण चालणार

माझा नवरा फौजेत आहे आणि मी अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. वर्षातले बरेच महिने तो घरी नसतो, त्यामुळे आमचा संसार फोनवर चालतो. रविवारी दुपारी त्याचा फोन येतो. तो येईपर्यंत मी कुणाचं धड ऐकून घेत नाही आणि फोन झाला की मग जेवते. घरात तिसरे माझे सासरे. मूर्तिजापूरजवळच्या गावात त्यांचं आयुष्य गेलं, गुडघ्यांनी दगा दिल्यावर माझ्याकडे आले. मी त्यांना मामाजी म्हणते. आम्ही बौद्ध. मामाजी सकाळी खुर्चीत बसून वंदना म्हणतात, आणि माझा एखादा शब्द चुकला की आठवीतल्या पोरीसारखा तो परत म्हणायला लावतात.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी फोन मामाजींच्या हातात होता. नवऱ्यानं पलीकडे टोपी सरळ करायला हात वर केला आणि मनगटावरचा लाल धागा पडद्यावर दिसला. मामाजी बोलता बोलता थांबले. रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते फार हळू बोलले.

"छपन्न साली दीक्षा घेऊन आल्यावर माह्या बापानं माह्या हातातला गंडा दातानं तोडला. लहान होतो मी. लय रडलो. मले वाटलं आता आपन मरतो."

एवढं बोलून त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि काठी घेऊन अंगणात गेले.

धाग्याचं मला ठाऊक होतं. नवऱ्याच्या कंपनीत दर रविवारी मंदिर परेड असते. सगळे देवळासमोर रांगेत उभे राहतात, आरती होते, आणि पलटणीतले पंडितजी एकेकाच्या मनगटावर धागा बांधतात. सकाळची पीटी चुकवता येत नाही तशी ही परेडही चुकवता येत नाही. भरती झाल्यापासून नवरा धागा बांधून घेत आला आणि सुट्टीवर येताना बडनेरा यायच्या आधी गाडीतच नेलकटरनं तो कापत आला. पहिले काही दिवस मनगटावर उन्हात न रापलेला पांढरा पट्टा दिसायचा. मी कधी काही बोलले नाही. जो माणूस तिथं राहतो त्यानं तिथलं बघावं, असं माझं मत होतं. मामाजींचं तसं नव्हतं. पुढचे दोन रविवार ते फोनवर आलेच नाहीत, गुडघे दुखतात म्हणाले. गुडघ्यांचा आणि फोनचा काय संबंध, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तिसऱ्या रविवारी नवऱ्यानं सांगितलं की त्यानं धागा बांधून घेणं बंद केलं आहे. परेडला तो उभा राहणार होता, टोपी काढणार होता, फक्त हात पुढे करणार नव्हता. पंडितजी भला माणूस. ते म्हणाले, श्रद्धा नसेल तर बांधून उपयोग काय, आणि पुढच्याकडे वळले. सुभेदारसाहेबांनी एकदा बोलावून देवावर रुसलास का म्हणून विचारलं. यानं आपला धर्म सांगितला. साहेब म्हणाले, बरं, तुझी मर्जी.

कुणी ओरडलं नाही, शिक्षा नाही, काही नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. मामाजी परत फोनवर यायला लागले आणि लेकाला मोठमोठ्यानं गावच्या गोष्टी सांगायला लागले. नवरा मात्र मला म्हणाला, "कोनी काईच म्हनून नाई राहिलं. मले तेच बरं नाई वाटत."

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. जेवताना त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची. हसत बसलेला घोळका तो आला की पांगायचा. सुट्टीची तारीख पुढे गेली, परत पुढे गेली. यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि ते कारण तो स्वतःच मला सांगायचा: माणसं कमी आहेत, वर ताण आहे, प्रत्येकाचंच डोकं तापलेलं आहे. मी एकदा विचारलं की हे तुमच्या मनाचे खेळ तर नाहीत. तो म्हणाला, असतीलही. ते ऐकून मला त्याचाच राग आला. माणसानं एक काहीतरी ठामपणे म्हणावं, म्हणजे समोरच्याला भांडता येतं.

त्या दिवसांत त्याच्या बाजूला एकच माणूस पूर्वीसारखा होता. हिवरखेडचा. दोघं एकाच भरतीतले, एकाच बॅचमध्ये शिकलेले. घरची काळी जमीन, संत्र्याची झाडं, देवधर्म मानणारी माणसं. तो स्वतः पक्का भक्त, मंगळवारी उपास करणारा. सुट्टीवर आला की आमच्याकडे यायचाच, येताना संत्र्यांची पिशवी आणायचा, दारातूनच मामाजींना जयभीम घालायचा आणि माझ्या हातच्या झुणक्याला नावं ठेवत तीन भाकरी संपवायचा. फौजेत माणसांच्या जोड्या लावतात, त्याला ते बडी म्हणतात. गस्तीवर बडीनं बडीला सोडायचं नसतं. माझा नवरा पुढे आणि हिवरखेडचा मागे, अशी त्यांची वर्षानुवर्षांची जोडी. नवरा बाहेर असला की मी त्या मागच्या माणसाच्या भरवशावर झोपत होते, हे खरंच आहे.

दिवाळीनंतर ते सरहद्दीजवळच्या एका उतारावर गस्तीला गेले. तिथं जुने सुरुंग आहेत, पावसानं माती सरकली की तेही सरकतात. पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवून चालायचं असतं. माझा नवरा पुढे गेला. हिवरखेडचा त्याच्या मागून आला, त्याचं पाऊल जरासं बाजूला पडलं, आणि उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत गेला. नवऱ्यानं त्याला पाठीवर घालून खाली आणलं. हे सगळं मला कितीतरी दिवसांनी कळलं. त्या रविवारी फोनवर तो फक्त एवढंच म्हणाला की मी बरा आहे, आणि रडायला लागला. मी त्याला याआधी रडताना ऐकलं नव्हतं. मला फार भीती वाटली.

मग कंपनीत बोलणं सुरू झालं. तोंडावर कुणी बोललं नाही, पण कानावर येईल इतक्या मोठ्यानं बोललं गेलं. एकाचं मनगट मोकळं होतं, म्हणून दुसऱ्याचा पाय गेला. देवानं याला सोडलं आणि याच्यावरचं त्याच्यावर गेलं. पुढच्या गस्तीला ज्याची याच्याशी जोडी लावली त्याचं पोट बिघडलं. त्याच्या नंतरच्यानं हवालदाराकडे जाऊन जोडी बदलून मागितली. त्यानंतरच्याचं पोट परत बिघडलं.

हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी वर्गात कार्यकारणभाव शिकवते. ज्याच्या हातात धागा होता त्याचा पाय गेला आणि ज्याच्या हातात नव्हता तो धडधाकट आहे. आता धाग्यानं पाय वाचतो हे कोणत्या शाळेत शिकवलं यांना? मी फोनवर हे सगळं तावातावानं म्हटलं. नवऱ्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला की तू म्हणते ते बरोबर आहे, पण मला तिथं शिकवायचं नाही, चालायचं आहे. मागचा माणूस मागेच असेल, याची खात्री असल्याशिवाय त्या उतारावर पाऊल पुढे पडत नाही.

जानेवारीत त्याला सुट्टी मिळाली. या वेळी मनगटावर पट्टा नव्हता, सगळा हात एकसारखा रापलेला. दुसऱ्याच दिवशी तो हिवरखेडला जाऊन आला. तोवर मित्र दवाखान्यातून घरी आलेला होता. रात्री परत आला तो जेवला नाही. चांगलं बोलला तो, एवढंच म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, त्याची आई चहा देताना माझ्या मनगटाकडे बघत होती, असं म्हणाला.

सुट्टी संपली तेव्हा मी त्याला सोडायला बडनेऱ्याला गेले. सकाळी शाळेत जायच्या आधी मी देवीच्या देवळाबाहेरच्या दुकानातून लाल धागा विकत घेतला होता. आयुष्यात पहिल्यांदा. दुकानदारानं देवीला लावून नेणार का विचारलं, मी हो म्हटलं. फलाटावर मी तो पर्समधून काढला आणि म्हटलं, मामाजींना मी समजावते, तुम्ही फक्त हा बांधा. माझ्या मनात त्या वेळी धर्म नव्हता, काही नव्हतं. मला त्याच्या मागे एक माणूस हवा होता.

त्यानं धागा हातात घेतला, जरा वेळ बोटांभोवती गुंडाळला आणि मला परत दिला.

"आता बांधला त त्याचा पाय माह्यानंच गेला असं होईन. मंग मी आयुष्यभर कोनाच्या पुढं चालू?"

मी धागा पर्समध्ये टाकला. गाडी आली आणि तो गेला.

दोन रविवार ठीक गेले. तिसऱ्या रविवारी त्यानं सांगितलं की गुरुवारी मोठी गस्त निघणार आहे, त्याच उतारावरून, आणि काही दिवस फोन लागणार नाही. संग कोण, मी विचारलं. अजून ठरलं नाही म्हणाला. मामाजी शेजारी बसले होते. फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "माह्यानं झालं काय हे?" मी नाही म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

सोमवारी मी शाळेत रजा टाकली. अकोल्यापर्यंत रेल्वे, तिथून अकोटवरून हिवरखेडची एसटी. सगळ्या वाटेनं मी मनात वाक्यं जुळवत होते. मला वाटत होतं की ज्याचा पाय गेला त्यानंच कंपनीला सांगितलं तर प्रश्न संपतो. त्याच्यापुढं कोण काय बोलणार?

तो बाजेवर बसला होता, पायाच्या जागी पांढरी पट्टी. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. मला बघून उठायला लागला, मी बसा म्हटलं. आईनं पाणी दिलं आणि दारापाशी तूर निवडायला बसली, म्हणजे ऐकायला बसली. मी आडपडदा न ठेवता सांगितलं: तुमच्या पायाचं बिल माझ्या नवऱ्याच्या नावावर फाडून राहिले सगळे, आणि गुरुवारी त्याच्या मागं कुणी नाही. तुम्ही फोन करा. तुमच्या तोंडानं सांगा की धाग्याचा संबंध नाही.

त्यानं एकदाही टाळाटाळ केली नाही. तो म्हणाला, "वैनी, त्यानं मले पाठीवर आनलं. रस्ताभर माह्याशी बोलत होता, झोपू नको म्हने." आणि लगेच फोन उचलून हवालदाराला लावला. मला ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

हवालदार साताऱ्याकडचा, आवाज मोकळा. पलीकडे चार-सहा जण असावेत, कारण याचं नाव ऐकून गलका झाला. कसा आहेस, कृत्रिम पाय कधी, असं सगळं झालं. मग यानं फार नीट सांगितलं. माझं पाऊल चुकलं, त्याचं नाही. धागा होता तरी पाय गेला, मग त्याच्या मनगटाला कशाला बोलता. तो नसता तर मी तिथंच संपलो असतो. तो बोलत होता आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागल्यासारखं वाटलं. पलीकडून हं, हं येत होतं, ऐकून घेतल्याचं.

मग हवालदार म्हणाला, "ते बरोबर आहे तुझं. मी पोरांना सांगतो. एवढंच सांग, तू आज धडधाकट असतास, तर गुरुवारी गेला असतास त्याच्या मागं?"

दारातला तुरीचा आवाज थांबला. त्यानं तोंड उघडलं. मी त्याच्या ओठांकडे बघत होते. एका शब्दाचं काम होतं. त्यानं आईकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. पलीकडून हॅलो, हॅलो झालं. तो माझ्याकडे वळला आणि फोन हातात तसाच सुरू आहे हे विसरून मला म्हणाला, "वैनी, खोटं नाई सांगत. भेव वाटते."

मग हवालदारानं तब्येतीला जप म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

तो रडत होता. त्याच्यावर रागवावं असं माझ्यात काही उरलं नव्हतं. त्याच्या आईनं मला जेवून जा म्हटलं, मी बस चुकेल म्हणून निघाले. सकाळपर्यंत त्या कंपनीत फक्त कुजबुज होती. आता त्या चार-सहा जणांनी स्वतःच्या कानानं ऐकलं होतं की त्याचा स्वतःचा बडीसुद्धा त्याच्या मागं जायला भितो, आणि हे त्यांना ऐकवायला मी अमरावतीहून गेले होते.

आज शुक्रवार आहे. गस्त काल निघाली, त्याआधी त्याचा फोन आला नाही. मामाजींनी सकाळपासून दोनदा विचारलं की त्याच्या मागं कोण आहे, आणि मी दोन्ही वेळा एक माणूस आहे म्हणून सांगितलं.